स्पॅनिश चित्रपटांना तुलूझ का लागते?

पेरूमध्ये तयार झालेला एखादा चांगला चित्रपट शेजारच्या बोलिव्हियातल्या प्रेक्षकाला थिएटरात पाहायला मिळेलच, याची खात्री देता येत नाही. दोन्ही देशांची सीमा एकमेकांना लागून आहे, तितिकाका सरोवर दोघांनी वाटून घेतले आहे आणि दोन्हीकडच्या शहरांत स्पॅनिश बोलली जाते; तरीही एका देशाचा चित्रपट दुसऱ्या देशात लागणे हा अपवादच असतो. तोच चित्रपट मार्च महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात, फ्रेंच सबटायटलांसह आणि दिग्दर्शकाच्या उपस्थितीत दाखवला जाण्याची शक्यता मात्र बरीच असते. स्पॅनिश चित्रपटांचे महोत्सव स्पॅनिश न बोलणाऱ्या देशांत का भरतात, ते कोणाच्या पैशावर चालतात आणि तिथे नेमके काय घडते, हे समजून घ्यायला तुलूझइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. परदेशातला चित्रपट महोत्सव म्हणजे एखाद्या देशाच्या संस्कृतीचे प्रदर्शन, अशी आपली साधारण समजूत असते. स्पॅनिश सिनेमाच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण यातले अनेक चित्रपट पूर्ण होण्यासाठी, विकले जाण्यासाठी आणि कित्येकदा आपल्याच भाषेच्या लोकांपर्यंत परत पोहोचण्यासाठी परक्या भाषेच्या या शहरांवर अवलंबून असतात.

आधी बाजारपेठेचे गणित पाहू. स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० देशांचा राज्यकारभार तिच्यात चालतो. एवढी मोठी भाषा म्हटल्यावर तिच्या चित्रपटांना बाजारपेठही तेवढीच मोठी मिळत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे हिंदी चित्रपट एकाच शुक्रवारी पाटण्यापासून पुण्यापर्यंत लागतो, कारण एकच सेन्सॉर प्रमाणपत्र, एकच चलन आणि वर्षानुवर्षे बसलेली वितरकांची घडी त्याच्या पाठीशी असते. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत यातले काहीच सामाईक नाही. प्रत्येक देशाचे चलन वेगळे, कर वेगळे, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा वेगळी आणि वितरकही वेगळे. चिलीच्या निर्मात्याला आपला चित्रपट कोलंबियात दाखवायचा असेल, तर कोलंबियात त्याचे हक्क विकत घेणारा आणि जाहिरातीचा खर्च सोसणारा कोणीतरी शोधावा लागतो. तिथल्या मल्टिप्लेक्सचे बहुतेक पडदे हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांनी अडवलेले असतात, आणि चिलीचा नट कोलंबियातल्या प्रेक्षकाच्या ओळखीचा असतोच असे नाही. अशा वेळी त्या वितरकाच्या लेखी शेजारच्या देशातला चित्रपट आणि एखादा हंगेरियन चित्रपट यांत फारसा फरक उरत नाही.

भाषा एक असणे हीसुद्धा पूर्ण खरी गोष्ट नाही. मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचा ‘रोमा’ २०१८ मध्ये आला, तेव्हा नेटफ्लिक्सने स्पेनमधल्या प्रेक्षकांसाठी त्यातल्या मेक्सिकन स्पॅनिश संवादांना स्पेनच्या वळणाची सबटायटले दिली होती. क्वारोन यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ती सबटायटले काढून घेण्यात आली. त्यांचा राग योग्यच होता असे मला वाटते, पण आपल्याच भाषेतला चित्रपट दुसऱ्या खंडातल्या प्रेक्षकाला कळेल की नाही याची धास्ती धंद्यातल्या लोकांच्या मनात किती खोल बसली आहे, हेही त्या प्रसंगातून दिसून आले.

आता तुलूझकडे वळू. गारोन नदीच्या काठावरचे हे शहर स्पेनच्या सीमेपासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये पिरेनीज पर्वताची रांग आहे. स्पेनच्या यादवी युद्धात २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रांकोच्या फौजांच्या हाती पडले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे पाच लाख माणसे ऐन थंडीत डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये आली. त्यांतल्या हजारोंना भूमध्य समुद्राच्या काठावर, आर्जेलेस आणि सां-सिप्रियां इथल्या उघड्या वाळूवर काटेरी तारांच्या आड ठेवण्यात आले. पुढे यांपैकी अनेक जण तुलूझमध्ये स्थिरावले आणि फ्रांकोविरोधी राजकारणाचे परदेशातले मोठे केंद्र याच शहरात उभे राहिले. स्पॅनिश समाजवादी पक्षाचे निर्वासित मुख्यालय ‘६९, रू द्यू तोर’ या पत्त्यावर होते. जुन्या शहराच्या अरुंद गल्लीतल्या याच पत्त्यावर आज ‘सिनेमातेक द तुलूझ’ हे चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९९० च्या दशकात तिथे राहायला आली. ज्या वास्तूत कधीकाळी निर्वासित स्पॅनिश कार्यकर्ते सभा भरवत आणि मायदेशी परतण्याची वाट पाहत, तिच्यातच आता स्पॅनिश चित्रपटांचे खेळ होतात. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण महोत्सवाला लागणारा प्रेक्षक एका जाहिरातीने तयार होत नाही. या शहरात तो दोन-तीन पिढ्यांपासून घराघरांत तयार होत होता.

स्पॅनिश सिनेमाचे आणि परदेशाचे हे नाते महोत्सवांपेक्षा जुने आहे. फ्रांकोच्या राजवटीत सेन्सॉरशिप कडक होती आणि १९४१ मध्ये तर परदेशी चित्रपट कास्तीयन म्हणजे स्पेनच्या प्रमाण स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवण्याची सक्ती करण्यात आली. दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांच्या ‘विरिदियाना’ला १९६१ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला. तो चित्रपट स्पेनच्या वतीने गेला होता आणि पारितोषिक स्वीकारायला स्पेनचे सरकारी अधिकारी मंचावर गेले होते. व्हॅटिकनच्या मुखपत्रातून त्यावर टीका होताच स्पेनने त्या चित्रपटावर बंदी घातली आणि त्या अधिकाऱ्यांचे पद गेले. स्पेनमधल्या प्रेक्षकांना तो थिएटरात पाहायला मिळाला १९७७ मध्ये, म्हणजे फ्रांकोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात स्पॅनिश माणसे बंदी असलेले चित्रपट पाहण्यासाठी शनिवार-रविवारी गाड्या आणि बस करून सीमेपलीकडे पेर्पिन्यां आणि बियारित्झला जात असत. आपल्या भाषेतला महत्त्वाचा चित्रपट पाहण्यासाठी देश ओलांडायची सवय त्या समाजाला अशी आधीपासूनच लागलेली होती.

दुसरी लाट दक्षिण अमेरिकेतून आली. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, मार्च १९७६ मध्ये अर्जेंटिनातही तेच झाले, आणि अनेक लेखक, शिक्षक, चित्रकर्मी फ्रान्सच्या आश्रयाला आले. चिलीचे दिग्दर्शक राउल रुईस पॅरिसला स्थायिक झाले. तिथलेच दिग्दर्शक पात्रिसिओ गुझमान यांनी चिलीतल्या उलथापालथीचे चित्रीकरण केले होते, त्याचे संकलन त्यांना क्यूबात जाऊन करावे लागले. या पार्श्वभूमीवर १९८९ मध्ये तुलूझमधल्या चित्रपटप्रेमींच्या एका संस्थेने लॅटिन अमेरिकन सिनेमाचा वार्षिक मेळावा सुरू केला. त्यालाच आज ‘सिनेलातिनो’ म्हणून ओळखतात. दर मार्चमध्ये दहा-एक दिवस तो चालतो आणि आजही त्याचा गाडा मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्या बळावर ओढला जातो. स्पेनमधल्या सिनेमासाठी १९९६ मध्ये ‘सिनेएस्पान्या’ हा वेगळा महोत्सव निघाला. तो ऑक्टोबरमध्ये भरतो आणि त्यातल्या सर्वोत्तम चित्रपटाला ‘सोनेरी व्हायोलेट’ देतात, कारण व्हायोलेटची फुले ही तुलूझची जुनी ओळख आहे.

एकाच शहरात, एकाच भाषेच्या नावाने ओळखले जाणारे दोन महोत्सव कशासाठी, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर असे की या महोत्सवांची सीमारेषा भाषेने आखलेली नाही. सिनेलातिनोत ब्राझीलचे पोर्तुगीज चित्रपट असतात, सिनेएस्पान्यात स्पेनमधल्याच कातालान आणि बास्क भाषांतले चित्रपट असतात. एका महोत्सवाच्या मुळाशी वसाहतवाद, लष्करशहा आणि कर्जाचा बोजा सोसलेल्या खंडाचा सामाईक इतिहास आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी युरोपातल्या एका शेजारी देशाशी असलेले रक्ताचे नाते. दोन्हींना एका छपराखाली आणले असते, तर स्पेनच्या सधन निर्मितिसंस्थांनी होंडुरास किंवा पाराग्वायच्या चित्रपटांना सहज झाकोळले असते. म्हणून ही फारकत मला शहाणपणाची वाटते.

महोत्सवात चित्रपट येतो कसा, हे बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच किचकट आहे. चित्रपटांचे बाहेरच्या देशांतले हक्क निर्मात्याच्या वतीने विकणारा एक मध्यस्थ असतो, त्याला सेल्स एजंट म्हणतात, आणि नावाजलेल्या चित्रपटांच्या बाबतीत तो पॅरिस, बर्लिन किंवा माद्रिदमध्ये बसलेला असतो. महोत्सवाची निवड समिती आलेल्या शेकडो प्रवेशिका पाहते, आणि शिवाय या एजंटांशी बोलणी करते. एजंटचा पहिला विचार असतो तो प्रीमियरचा. जगातला पहिला खेळ बर्लिन, कान, व्हेनिस अशा ठिकाणी झाला तर चित्रपटाची किंमत वाढते, म्हणून तोपर्यंत तो छोट्या महोत्सवांना हात लावू देत नाही. एकदा मोठा प्रीमियर पार पडला की तोच एजंट प्रत्येक खेळामागे ठरावीक भाडे घेऊन चित्रपट देतो. महोत्सवातला खेळ वितरकाला फुकट पडतो आणि महोत्सव मात्र त्यासाठी पैसे मोजत असतो, ही गोष्ट तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही.

चित्रपट ठरल्यावर तो प्रत्यक्ष पडद्यावर आणण्याचे काम सुरू होते. आता रिळांचे डबे येत नाहीत. डीसीपी नावाच्या स्वरूपात एक हार्ड डिस्क येते किंवा फाइल इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. ती बहुधा कुलूपबंद असते. कुलपाची किल्ली म्हणजे एक छोटी वेगळी फाइल, आणि ती विशिष्ट थिएटरातल्या विशिष्ट यंत्रापुरती आणि ठरलेल्या तासांपुरतीच चालते. शहरातल्या पाच-सहा थिएटरांत विखुरलेल्या महोत्सवात खेळ एका पडद्यावरून दुसऱ्यावर हलवायचा म्हटले, तरी मूळ कंपनीकडून नवी किल्ली मागवावी लागते. ती कंपनी ब्वेनोस आइरेसमध्ये असेल, तर तुलूझमध्ये सकाळचे दहा वाजलेले असताना तिथे अजून उजाडलेलेही नसते.

सबटायटलांचे काम तर स्वतंत्र कलेच्या तोडीचे आहे. मोठ्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये फ्रेंच किंवा इंग्रजी सबटायटले आधीच असतात, पण ज्याला अजून फ्रान्समध्ये वितरक मिळालेला नाही अशा चित्रपटाची फ्रेंच सबटायटले महोत्सवालाच करून घ्यावी लागतात. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, एका ओळीत साधारण चाळीसच्या आत अक्षरे, आणि वाचून होईपर्यंत ती तिथे टिकायला हवीत, अशा मर्यादेत बडबड्या माणसाचा लांबलचक संवाद बसवायचा असतो. त्यामुळे सबटायटल करणारा शब्दाला शब्द ठेवू शकत नाही. वाक्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय त्याला हजारेक वेळा घ्यावा लागतो. ही सबटायटले डिस्कमध्ये घालण्याइतका वेळ किंवा परवानगी नसेल, तर ती थेट खेळाच्या वेळी दाखवतात. पडद्याच्या खाली एक अरुंद पट्टी लावलेली असते, आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली व्यक्ती कानाने स्पॅनिश ऐकत एकेक ओळ बटण दाबून पुढे पाठवत असते. पात्र बोलण्याआधी ओळ गेली तर विनोद फुटतो, उशिरा गेली तर प्रेक्षक गोंधळतो. दीड-दोन तास त्या व्यक्तीला डोळे मिटण्याचीही सोय नसते, आणि काम उत्तम झाले तर ती तिथे होती हेच कोणाला कळत नाही.

मात्र तुलूझचे सर्वांत मोठे योगदान प्रेक्षकांसमोर होणाऱ्या खेळांत नाही. ते बंद दाराआड, अर्धवट चित्रपटांच्या खेळांत आहे. २००२ मध्ये सिनेलातिनो आणि स्पेनच्या बास्क प्रदेशातला सान सेबास्तियान महोत्सव यांनी मिळून एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव होते ‘बांधकाम चालू असलेला सिनेमा’. त्यामागची अडचण अशी. लॅटिन अमेरिकेतला स्वतंत्र निर्माता सरकारी अनुदान, उधारी आणि मित्रांची मदत यांवर कसेबसे चित्रीकरण उरकतो. त्यानंतर संकलन, ध्वनिमिश्रण, रंगांची दुरुस्ती, सबटायटले आणि अंतिम प्रत ही कामे उरतात. ती महागडी असतात, त्यांतली चांगली यंत्रणा बहुतेक वेळा परदेशात असते आणि तिचे बिल युरो किंवा डॉलरमध्ये येते. नेमक्या त्याच टप्प्यावर पैसे संपतात. हा उपक्रम सुरू झाला त्या वर्षी अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली होती. डॉलरला एकास एक असलेला पेसो काही महिन्यांत साडेतीनच्या पलीकडे घसरला होता. पेसोत पैसे जमवलेल्या आणि युरोत बिल भरायचे असलेल्या निर्मात्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

उपक्रमाची रीत साधी होती. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये तुलूझला आणि सप्टेंबरमध्ये सान सेबास्तियानला, मोजकेच अपूर्ण चित्रपट निवडायचे आणि ते फक्त व्यावसायिकांना दाखवायचे. प्रेक्षागृहात सेल्स एजंट, वितरक, महोत्सवांचे निवडकर्ते आणि स्टुडिओचालक बसलेले असतात. समोर जो चित्रपट चालतो त्यात आवाज कच्चा असतो, रंग जुळलेले नसतात, काही ठिकाणी संगीताची जागा तात्पुरत्या तुकड्याने भरलेली असते. दिग्दर्शकासाठी ही परीक्षाच असते, कारण आपले काम असे अर्धवट अवस्थेत कोणाला दाखवायची त्याची तयारी नसते. पारितोषिक रोख नसते. एखादा स्टुडिओ ध्वनिमिश्रण करून देतो, दुसरा रंगांचे काम, तिसरा सबटायटले. चित्रपट पूर्ण करण्यासाठी जे लागते तेच हातात पडते, आणि ती मदत भलत्याच खर्चात मुरत नाही.

या वेळापत्रकात एक चतुराई आहे. तुलूझचा मार्च महिना बर्लिन आणि कान या दोन महोत्सवांच्या मधोमध येतो. कानची निवड एप्रिलमध्ये जाहीर होते, म्हणजे मार्चमध्ये दाखवलेल्या अपूर्ण चित्रपटावर निवडकर्त्यांची नजर अगदी वेळेवर पडते. सप्टेंबरचे सान सेबास्तियान त्याच प्रकारे पुढच्या फेब्रुवारीतल्या बर्लिनला उपयोगी पडते. चिलीचे सेबास्तियान लेलियो यांचा ‘ग्लोरिया’ सप्टेंबर २०१२ मध्ये सान सेबास्तियानच्या या विभागात अपूर्ण अवस्थेत दाखवला गेला आणि तिथे त्याला पारितोषिक मिळाले. पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये तो बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत होता आणि नायिका पाउलिना गार्सिया यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. याच दिग्दर्शकाच्या पुढच्या एका चित्रपटाने २०१८ मध्ये चिलीला परदेशी भाषेतल्या चित्रपटाचे ऑस्कर मिळवून दिले. पुढे सान सेबास्तियानने २०२० पासून आपला विभाग नव्या नावाने चालवायला घेतला. अपूर्ण चित्रपटांना पाहुण्यांसमोर आणण्याची ही कल्पना तोवर जगभरच्या अनेक महोत्सवांनी उचललेली होती.

आता पैशाचा प्रश्न. फ्रान्समधल्या शहराने पेरूच्या चित्रपटासाठी खर्च का करावा? यातला मोठा वाटा नगरपालिका, प्रांतिक सरकार आणि फ्रान्सचे राष्ट्रीय चित्रपट केंद्र यांच्याकडून येतो. या केंद्राची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सिनेमाच्या तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो आणि तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता सिनेमाच्याच कामासाठी वळवला जातो. हॉलिवूडचा चित्रपट फ्रान्समध्ये जोरात चालला, की त्याच तिकिटांतून छोट्या थिएटरांना, नव्या दिग्दर्शकांना आणि परदेशी सहनिर्मितीला मदत मिळते. सिनेमाला सरकारी मदत द्यावी की नाही यावर आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात ही व्यवस्था फारशी कोणी मांडत नाही, याची मला खंत वाटते.

स्पॅनिश बाजूनेही पैसा येतो. भाषा आणि संस्कृतीच्या प्रसारासाठी स्पेनने १९९१ मध्ये सर्वांतेस इन्स्टिट्यूट स्थापन केली. अनेक शहरांतल्या स्पॅनिश चित्रपट महोत्सवांना ती सभागृह, पाहुण्यांचा प्रवास किंवा सबटायटले अशी मदत करते. नवी दिल्लीतही २००९ पासून तिचे केंद्र आहे. निर्मितीच्या पातळीवर ‘इबेरमीदिया’ हा १९९८ पासून चालू असलेला सामाईक निधी आहे. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतले देश त्यात वर्गणी घालतात आणि दोन किंवा अधिक देशांनी मिळून केलेल्या चित्रपटांना त्यातून आधार मिळतो. चित्रपटाच्या सुरुवातीला पाच-सहा देशांच्या संस्थांची बोधचिन्हे एकामागून एक येतात, ती याच व्यवस्थेची निशाणी. त्या बोधचिन्हांत युरोपातल्या इतर साहाय्य योजनाही असतात, उदाहरणार्थ रॉटरडॅमचा हुबर्ट बाल्स निधी.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पैसा युरोपचा, निवड समिती युरोपची, प्रेक्षक युरोपचा. मग चित्रपटही युरोपला हवा तसाच बनणार नाही का? गरिबी, हिंसा, अमली पदार्थ आणि डोंगरातली मूक माणसे एवढेच लॅटिन अमेरिकेचे रूप पडद्यावर येणार का? हा आक्षेप बाहेरच्यांनी घेतलेला नाही. कोलंबियातल्या काली शहराचे लुईस ओस्पिना आणि कार्लोस मायोलो यांनी १९७० च्या दशकातच दारिद्र्याच्या या बाजारावर कठोर टीका केली आणि त्यावर एक छोटा चित्रपटही केला. युरोपीय टेलिव्हिजनसाठी माहितीपट करायला आलेले पथक भिकारी आणि वेडसर माणसांना पैसे देऊन कॅमेऱ्यासमोर उभे करते, असे त्यात दाखवले आहे. आजही हा धोका टळलेला नाही. चांगला महोत्सव तो ओळखतो आणि विनोदी चित्रपट, भयपट, मध्यमवर्गीय घरातल्या कुरबुरी यांनाही मुद्दाम जागा देतो. ज्या महोत्सवाच्या संपूर्ण कार्यक्रमपत्रिकेत एकही हलकाफुलका चित्रपट नाही, त्याच्या निवडीवर मी तरी चटकन विश्वास ठेवणार नाही.

‘स्पॅनिश सिनेमा’ या नावाखाली कोणाचा आवाज येतो, हाही असाच नाजूक प्रश्न. फ्रांकोच्या काळात कातालान, बास्क आणि गालिसियन भाषांना सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले गेले होते. २०१४ सालचा ‘लोरेआक’ हा बास्क भाषेतला चित्रपट स्पेनने ऑस्करसाठी पाठवला, तेव्हा बास्क चित्रपटाला तो मान प्रथमच मिळत होता. २०२२ मध्ये कार्ला सिमोन यांच्या ‘आल्कार्रास’ला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पीचच्या बागा कसणाऱ्या कुटुंबाची ही कथा कातालान भाषेत आहे आणि त्यातली माणसे त्याच भागातली, अभिनयाचा व्यवसाय न करणारी आहेत. अटलांटिकच्या पलीकडेही तेच. ग्वातेमालाचे हाइरो बुस्तामांते यांचा ‘इश्कानुल’ २०१५ मध्ये बर्लिनला गौरवला गेला, तो मुख्यतः काक्चिकेल या माया भाषेत आहे. त्यातल्या कुटुंबाला स्पॅनिश येत नाही, आणि इस्पितळात दुभाषा आपले म्हणणे नीट पोहोचवत नाही म्हणून त्यांचे जन्माचे नुकसान होते. स्पॅनिश भाषेच्या महोत्सवात स्पॅनिश हीच सत्तेची भाषा म्हणून उभी राहिलेली अशा वेळी प्रेक्षकाला दिसते. असे चित्रपट घेणारा महोत्सव आपल्या नावापेक्षा मोठा होतो.

फ्रान्समध्ये अशा महोत्सवांना आणखी एक भक्कम आधार आहे, तो शाळांचा. तिथल्या माध्यमिक शाळांत दुसरी परकीय भाषा म्हणून स्पॅनिश शिकणारी मुले मोठ्या संख्येने असतात, आणि सकाळचे खेळ त्यांच्यासाठी ठेवले जातात. शिक्षकांना आधी माहितीपत्रक मिळते, मुले वर्गात तयारी करून येतात. नांत शहरातला स्पॅनिश चित्रपट महोत्सव १९९० मध्ये विद्यापीठातल्या शिक्षकांनीच सुरू केला. मँचेस्टरमध्ये १९९५ पासून ‘व्हिवा’ हा महोत्सव चालतो, ऑस्ट्रेलियात थिएटरांची एक साखळी अनेक शहरांत फिरता स्पॅनिश महोत्सव भरवते. या शेवटच्या प्रकारात तिकीटविक्रीवर सगळे अवलंबून असल्याने लोकप्रिय विनोदी चित्रपट आणि ओळखीचे चेहरे यांवर भर राहतो. ते वाईट नाही. पण अर्धवट चित्रपट पूर्ण करून देण्याचे काम अशा व्यापारी व्यवस्थेकडून होणार नाही.

मराठी वाचकाला या सगळ्याचा माग गोव्यातही काढता येतो. पणजीत भरणाऱ्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१ मध्ये उद्घाटनाचा चित्रपट स्पेनचे दिग्दर्शक कार्लोस साउरा यांचा होता, आणि २०२२ मध्ये साउरा यांना सत्यजित राय यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्याच वर्षी सुवर्ण मयूर हा इफ्फीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो व्हालेंतिना मॉरेल यांच्या ‘आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स’ या कोस्टा रिकाच्या स्पॅनिश चित्रपटाला. त्याचा मार्ग पाहिला तर वर सांगितलेली सगळी यंत्रणा त्यात दिसते. निर्मिती बेल्जियम, फ्रान्स आणि कोस्टा रिका यांची. पहिला खेळ ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नोत आणि तिथे दिग्दर्शन व अभिनयाची पारितोषिके. सप्टेंबरमध्ये सान सेबास्तियानच्या लॅटिन अमेरिकन विभागाचा पुरस्कार. आणि नोव्हेंबरमध्ये गोवा. इफ्फीची किंवा पुण्याच्या पिफ या चित्रपट महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हाती आली, की चित्रपटाच्या नावापुढे कंसात दिलेली देशांची यादी, भाषा आणि सुरुवातीच्या बोधचिन्हांकडे लक्ष द्यावे. कोस्टा रिकाच्या चित्रपटापुढे बेल्जियमचे नाव का, किंवा ग्वातेमालाच्या चित्रपटात फ्रान्सचा पैसा का, याचे उत्तर त्या चार ओळींत असते.